लेंपीच्या श्वासाचा पत्ता

मी एक जुना ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर आहे, मित्रांनो. नाव उच्चारतानाच धाप लागते, म्हणून लेंपीनं पहिल्याच दिवशी माझं बारसं केलं आणि उक्को हे नाव ठेवलं. तिच्या आईवडिलांच्या फिनिश बोलीत उक्को म्हणजे म्हातारबा. तेव्हा मी कोरा करकरीत होतो. पण वीज मिळाल्यापासून जी घरघर सुरू केली ती काही थांबेना. "आता घरात दोन म्हातारबा झाले," ती म्हणाली. "एक दिवसभर कुरकुरतो, आणि दुसरा तोंडच उघडत नाही."

दुसरा म्हणजे तिचा नवरा, रेइनो कांगास. तो तिथेच उभा होता. त्यानं खरंच तोंड उघडलं नाही.

यंत्राला कसली आली भीती, असं तुम्हाला वाटेल. पंखा बंद पडला तर माणसाला घाम येतो, दिवा गेला तर ठेच लागते. मी बंद पडलो तर काय होतं, हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. त्यामुळे मी कधी निर्धास्त झालो नाही. हिरवा दिवा लावून, चेहरा हसरा ठेवून, आतून सतत घाबरत राहिलो.

एका मोठ्या कारखान्यात माझा जन्म झाला. माझ्या पोटात भिजवलेल्या साबुदाण्याएवढे पांढरे दाणे भरलेले आहेत. खोलीतली साधी हवा मी पाठीकडून ओढून घेतो. ते दाणे तिच्यातला नायट्रोजन धरून ठेवतात आणि राहिलेला ऑक्सिजन मी नळीतून पुढे पाठवतो. पाठीवर स्पंजाची जाळी असते, धूळ अडवायला. कपाळावर छोटा दिवा असतो. हिरवा म्हणजे सगळं ठीक. पिवळा म्हणजे माझा दम कमी पडतोय, हवा पुरेशी चोख नाही. लाल म्हणजे मला विसरा आणि सिलिंडर शोधा.

लेंपीचं घर मिशिगन राज्याच्या अगदी वरच्या टोकाला, सुपीरियर सरोवराच्या काठी होतं. तरुणपणी ओढलेल्या सिगारेटी आणि लाँड्रीतल्या नोकरीत गिळलेली वाफ, दोन्हींनी मिळून तिची फुप्फुसं जुन्या पिशवीसारखी सैल करून टाकली होती. मी आलो तेव्हा चार पावलं चालली की ती भिंतीला टेकायची. मग माझी लांबलचक नळी नाकाला लावून ती घरभर फिरू लागली. ओट्यापाशी उभी राहून वेलदोड्याचे, वेणीसारखे गुंफलेले गोड पाव भाजू लागली. शेजारणी कॉफीला आल्या की नळी पायात यायची, आणि लेंपी म्हणायची, "सांभाळून गं, माझा श्वास तुडवू नकोस." त्या हसायच्या आणि माझ्या डोक्यावर टपली मारून जायच्या. एकीनं तर मला लोकरीची टोपीही विणून दिली होती. रेइनोनं ती लगेच काढली. यंत्र तापेल, एवढंच म्हणाला.

तो असाच. अख्खी नोकरी त्यानं रस्त्यांवरचं बर्फ सारणारी गाडी चालवण्यात घालवली. त्या गाडीत बोलायला कुणी नसतं. पण मित्रांनो, माझी जेवढी काळजी त्यानं घेतली तेवढी कुणीच घेतली नाही. दर शनिवारी संध्याकाळी तो अंगणातला सौना, म्हणजे वाफेच्या अंघोळीची लाकडी खोली, तापवायचा. तिथे शनिवारी सौना चुकवत नाहीत. लेंपीला आता ती वाफ सोसत नसे, म्हणून ती नळी लावून बाहेरच्या बाकावर बसायची आणि तापल्या दगडांवर पडणाऱ्या पाण्याचा चुर्र आवाज ऐकायची. रेइनो ओल्या केसांनी बाहेर आला की उरलेल्या कोमट पाण्यात माझी जाळी धुवायचा, पिळायचा, टॉवेलात दाबून वाळवायचा आणि परत पाठीवर बसवायचा. कुणी सांगितलं म्हणून नव्हे. शनिवारी अंग धुवायचं, तर याचंही धुवायचं, असा त्याचा हिशेब.

एका हिवाळ्यात वादळ आलं आणि वीज गेली. माझा आवाज मध्येच तुटला. रेइनोनं सिलिंडर जोडला, पण वीज काही येईना आणि सिलिंडरचा काटा खाली खाली जाऊ लागला. शेवटी त्यानं लेंपीला गोधडीत गुंडाळलं, मला मागच्या सीटवर बांधलं आणि गुडघाभर बर्फातून अग्निशामक दलाच्या इमारतीकडे गाडी काढली. तिथे जनरेटर होता. वाटेत लेंपी एक शब्द बोलली नाही. बोलायला हवा लागते, आणि ती तिला जपून वापरायची होती.

त्या दिवसानंतर त्यांची मुलगी साइमा हट्टाला पेटली. ती खूप लांब दक्षिणेला, टेनेसी राज्यात राहते आणि एका दातांच्या दवाखान्यात काम करते. फोनवर ती म्हणायची की आई, बाबा, आता इकडे या, खालच्या मजल्याची खोली तुमचीच आहे. लेंपी तयार झाली. रेइनो बरेच दिवस टाळत राहिला. मग एक दिवस त्यानं घर विकलं. पण रानातला कॅम्प विकला नाही. तिकडे शिकारीसाठी, मासे धरण्यासाठी रानात बांधलेल्या लाकडी खोपीला कॅम्प म्हणतात. रेइनोचा कॅम्प त्याच्या वडिलांनी बांधलेला होता. आणि इथेच, मित्रांनो, एक चूक झाली.

रेइनो आणि लेंपीचा आरोग्य विमा त्यांच्या भागापुरता होता. तिथलेच डॉक्टर, तिथलंच इस्पितळ, आणि मला तपासायला येणारा माणूसही तिथलाच. राज्य सोडून गेलात तर असा विमा तुमच्यामागून येत नाही. तो त्या मातीत रुजलेला असतो. मला तपासणारा ड्वेन निघताना दारात म्हणालाही होता, "रेइनो, विमावाल्यांना कळव बरं का, घर बदललं म्हणून." रेइनोनं मान हलवली. ड्वेनला वाटलं, हो म्हणाला.

पण रेइनोच्या मनात वेगळंच होतं. त्याच्या गावची पुष्कळ माणसं थंडीत दक्षिणेला जाऊन राहतात आणि बर्फ वितळलं की परततात. त्यांना कुणी विचारत नाही, विमा बदलावा लागत नाही. आपणही तसेच, असं त्यानं ठरवून टाकलं. कॅम्प आहे तोवर आपण इथलेच. टपालाचा पत्ता त्यानं कॅम्पचाच ठेवला. घर बदललं हा शब्द तो कुणासमोरच बोलला नाही. स्वतःशीही बोलला नसावा.

शरद ऋतूत आम्ही टेनेसीत आलो. साइमाचं घर उबदार होतं, वीज जात नव्हती. लेंपीला अंगणात बसून कोवळं ऊन खाता येत होतं. मीही जरा सैल झालो. पण तिथे सौना नव्हता. आणि सौना नाही म्हणून शनिवारही उरला नाही. शनिवार शुक्रवारसारखा यायचा आणि रविवारसारखा जायचा. रेइनो खिडकीशी बसून रस्त्याकडे बघत राहायचा. माझी जाळी धुवायची असते हे त्याच्या हातांना ठाऊक होतं, पण हातांना तो वारच सापडेना.

मग वसंत आला. तुम्हाला वाटेल, फुलं आली, छान झालं. झाडांवरून पिवळी परागधूळ उतरली, मित्रांनो. गाड्यांवर, पायऱ्यांवर, खिडकीच्या चौकटींवर, आणि माझ्या पाठीवरच्या जाळीत. मी ओढत होतो, आणखी जोरानं ओढत होतो. पोटातले दाणेही आता थकले होते. एका सकाळी लेंपी दात घासत असताना माझ्या कपाळावर पिवळा दिवा लागला.

मला ओरडता आलं असतं तर मी ओरडलो असतो.

लेंपीनं दिवा पाहिला, रेइनोनं पाहिला.  तिच्या ओठांच्या कडा जांभळट दिसत होत्या, जांभळं खाल्ल्यासारख्या. रेइनोनं मिशिगनला ड्वेनच्या कंपनीत फोन लावला. त्यांनी सांगितलं की आम्ही आमच्या भागातच येतो, मशीन इकडे आणा, बदलून देऊ. मग त्यानं टेनेसीतल्या कंपनीत फोन केला. ते म्हणाले की तुमचा विमा इथला नाही, आम्हाला मशीन देता येणार नाही. त्यानं फोन ठेवला आणि हात मांडीवर पुसले. मी त्याला पहिल्यांदा घाबरलेलं पाहिलं. बर्फात नव्हता घाबरला.

साइमा कामावर गेली होती. जाण्याआधी तिनं आईला पुन्हा सांगितलं होतं की गावच्या वाचनालयात मिस वर्लीन नावाच्या बाई बसतात, म्हाताऱ्या माणसांना विम्याचं समजावून सांगतात, पैसे घेत नाहीत. रेइनोनं ते आधी दोनदा उडवून लावलं होतं. परक्या बाईपुढे घरचं कशाला काढायचं, असं त्याचं म्हणणं. आता तो उठला आणि सामान बांधू लागला. उरलेले छोटे सिलिंडर त्यानं मोजले आणि गाडीत ठेवले. मग माझ्यापाशी येऊन मला बांधायचा पट्टा शोधू लागला.

"कुठे निघालास?" लेंपीनं विचारलं.

"घरी. दोन दिवसांत पोचू. ड्वेन नवं मशीन देईल."

"सिलिंडर तेवढे पुरतील?"

 पट्टा त्याच्या हातात होता. मला माझी वायर भिंतीतून सुटलेली दिसू लागली. घाटातून चढणारी गाडी दिसू लागली, आणि मागच्या सीटवर नळी नाकाशी धरून बसलेली लेंपी. माझ्यातली सगळी हवा थरथरली.

लेंपी खुर्चीतून हलली नाही. तिनं फोन उचलला, वाचनालयात लावला आणि एका दमात जेवढे शब्द मावतात तेवढे बोलली. रेइनो पट्टा घेऊन अंगणात गेला आणि गाडीची काच पुसत बसला. काच स्वच्छ होती.

मिस वर्लीन जेवणाच्या सुमारास आल्या. तिकडे लग्न झालेल्या बाईलाही आदरानं मिस म्हणतात. पांढरे केस, मोठी पर्स, आणि फडक्यात बांधलेला केक. कुणाच्या घरी रिकाम्या हातानं जायचं नाही ही त्यांची रीत. दारातूनच त्यांनी लेंपीचे ओठ पाहिले, रक्तातला ऑक्सिजन मोजणारी, बोटाला लावायची चिमटी मागितली आणि आकडा वाचला. मग शांतपणे म्हणाल्या, "मिस लेंपी, हा आकडा आणखी खाली गेला ना, तर कुणाला विचारत बसायचं नाही. थेट इस्पितळ. जीवावरचं दुखणं असलं तर जुना विमाही कुठेही चालतो. एवढं डोक्यात ठेवा आणि आता केक खा."

माझी पाठ बघून त्यांनी जाळी काढली आणि कपाळाला हात लावला. "अगं बाई. याला श्वास कोण देणार?"

अंगणातून आत आलेल्या रेइनोनं ती जाळी त्यांच्या हातातून जवळजवळ ओढूनच घेतली. मोरीत नेऊन धुतली. पिवळं पाणी बराच वेळ वाहत राहिलं. धुतल्यावर माझा दिवा हिरवा झाला, पण केक कापेपर्यंत पुन्हा पिवळा. दाणे थकले होते, त्याला धुणं पुरणार नव्हतं.

मग त्या दोघांना समोर बसवून मिस वर्लीननी सगळं समजावलं. घर बदलल्याचं विमा कंपनीला कळवलं की तुमच्यासाठी ठरावीक मुदतीपुरतं एक दार उघडतं. त्या मुदतीत सरकारी विमा आणि त्याला जोडणारा दुसरा विमा घेता येतो, आणि जोडविमावाल्याला तुमचा आजार विचारताच येत नाही. पण गप्प बसून मुदत गेली तर ते विचारू शकतात. आणि नाकातली नळी बघून कोण हो म्हणेल? शिवाय फार महिने बाहेर राहिलात हे कंपनीला आपणहून कळलं, तर ती तुम्हाला काढून टाकणार. टपाल जाणार रानात. ते उघडायला तिथे कोण आहे?

रेइनो म्हणाला, "आम्ही बदललेलं नाही घर. हिवाळ्यापुरते आलोय."

"मिस्टर रेइनो, मिशिगनचं घर आहे अजून?"

"कॅम्प आहे."

"छान. तिथे वीज आहे?"

 रेइनोनं माझ्याकडे पाहिलं. माझ्या वायरीकडे पाहिलं, ती जिथे भिंतीत शिरते तिथपर्यंत. वडिलांनी बांधलेल्या त्या खोपीत कंदील होता, लाकडाची शेगडी होती, भिंतीवर अस्वलाचं कातडं होतं. वीज नव्हती. कधीच नव्हती.

"नाही," तो म्हणाला.

"मग मिस लेंपी तिथे कशी राहणार?"

 लेंपी पुढे झाली आणि टेबलावरच्या त्याच्या हातावर हात ठेवला. दोन श्वासांच्या मधे थांबत थांबत ती बोलली.

"रेइनो, कॅम्प तुझाच राहील. तू जा मासे धरायला. पण मी जिथे श्वास घेते ना, तो माझा पत्ता. तो सांग त्यांना."

 मग त्यानं फोन जवळ ओढला. मिस वर्लीननी नंबर फिरवून दिला, बोलायचं मात्र त्याच्यावर सोडलं. पलीकडून नाव विचारलं, जन्मतारीख विचारली. काय काम आहे, असं विचारलं. रेइनोनं घसा साफ केला, आणि एवढ्या वर्षांत मी त्याच्या तोंडून ऐकलेलं सर्वांत लांब वाक्य तो बोलला.

"आम्ही मिशिगन सोडलं. मी आणि माझी बायको आता टेनेसीत राहतो. कायमचे."

फोन ठेवून तो मोरीत गेला. नळ बराच वेळ वाहत होता, पण जाळी तर माझ्या पाठीवर होती. मिस वर्लीन लेंपीला केकची आणखी एक फोड वाढत म्हणाल्या, "माझा नवरा असता तर त्यानं आधी तेवढा वेळ फोनलाच शिव्या घातल्या असत्या." लेंपी हसली आणि तिला खोकला आला.

सगळं ठीक झालं असं समजू नका. नवा विमा पुढच्या महिन्याच्या पहिल्या तारखेपासून लागू होणार होता. तोवर मीच होतो, थकलेल्या दाण्यांचा, पिवळ्या दिव्याचा. मी जगातला सर्वांत घाबरलेला पहारेकरी होतो. रेइनो माझ्यापासून हलेना. रोज जाळी धुवायचा, भिंतीपासून मला पुढे सरकवायचा, माझ्या आणि लेंपीच्या मधे खुर्ची टाकून बसायचा. मिस वर्लीन फोन करून आकडा विचारायच्या. साइमा कामावरून आली की चप्पल न काढता आधी आईच्या ओठांकडे बघायची. एका दुपारी आकडा खाली गेला आणि त्यांनी तिला इस्पितळात नेलं. त्या रिकाम्या खोलीत मी चालूच राहिलो. बंद करायचं कुणाच्या लक्षात आलं नाही. नळीचं टोक गादीवर पडलं होतं आणि मी गादीला ऑक्सिजन देत होतो. इतका एकटा मी कधीच नव्हतो.

ती परत आली. महिना उलटला. एका सकाळी टेनेसीतल्या कंपनीची मुलगी नवं मशीन घेऊन आली. ते माझ्याहून लहान, माझ्याहून गुळगुळीत. तिनं ते सुरू केलं, हिरवा दिवा बघितला, नव्या नळीचं टोक लेंपीच्या नाकाला लावलं. मग खाली वाकून माझं बटण दाबलं.

मला वाटलं होतं, हाच तो क्षण, ज्याला मी जन्मभर भीत आलो. माझी घरघर थांबली. आणि मित्रांनो, त्या शांततेत मला एक आवाज आला. बारीक, थोडा शिट्टीसारखा, पण संथ. आत, बाहेर. आत, बाहेर. तो लेंपीचा श्वास होता. इतकी वर्षं मी तो पुरवला, पण माझ्याच आवाजाखाली तो मला कधी ऐकू आला नव्हता.

आता मी साइमाच्या गाडीखान्यात, मिशिगनला ड्वेनच्या कंपनीकडे परत नेणाऱ्या गाडीची वाट पाहत उभा आहे. तुमच्या घरी कुणी आजारी असेल, एखादं यंत्र त्यांच्यापाशी गुणगुणत असेल, तर त्याची जाळी धुवा. वार हरवला तर दुसरा वार शोधा. आणि घरची मोठी माणसं घर बदलून कुठे गेली आणि ते सांगायला कचरत असली, तर त्यांच्यावर हसू नका. जागा सोडल्याचं बोलून दाखवायला फार भीती वाटते. त्यांच्याजवळ बसा, फोन पुढे सरकवा, आणि त्यांचं वाक्य पूर्ण होईपर्यंत हलू नका.